शशिकला आपल्या सोलापूरच्या होत्या, किती जणांना माहितीय?

चाटीगल्लीवाला:

परवा रविवारी दुपारी जेवून आडवा पडलो होतो, टीव्हीवर 'फूल और पत्थर' लागलेला. आई बाजूला शेंगा फोडत बसलेली, चटणीला. पडद्यावर शशिकला आली, हातात ग्लास, ते आशाबाईंचं 'शीशे से पी' गाणं सुरू झालं आणि आईचं तोंड कडू झालं. "आली भवानी" म्हणाली. मी म्हणलं आई, ती आपल्या गावची आहे. शेंग हातातच राहिली. "कुठल्या गावची?" म्हणलं सोलापूरची, इथंच जन्मली. "हट्" म्हणाली आणि परत शेंगा फोडायला लागली, पण गाणं संपेपर्यंत डोळे काय टीव्हीवरून हलले नाहीत.

म्हणून हा धागा. मला स्वतःला पण हे चाळिशी ओलांडल्यावर कळलंय हो, शाळेत असताना कुणी सांगितलं नाही. आपण चादर सांगतो, शेंगाचटणी सांगतो, सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा सांगतो, चार हुतात्मे सांगतो, डॉक्टर कोटणीस सांगतो. शशिकलाचं नाव त्या यादीत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

माहेरचं आडनाव जवळकर. जन्म ४ ऑगस्ट १९३२, सोलापूर. सहा भावंडं. पाच-सहा वर्षांची असल्यापासून आपल्या जिल्ह्यातल्या गावागावात स्टेजवर नाचायची, गायची, कामं करायची. वडलांचा धंदा चांगला होता पण बुडाला, पार दिवाळं निघालं, आणि मग वडील सगळं बिऱ्हाड घेऊन मुंबईला गेले. कशासाठी, तर ही पोरगी दिसायला चांगली आहे, नाचती गाती, हिला सिनेमात काम मिळेल म्हणून. म्हणजे विचार करा, कर्ता बाप, घरात सहा पोरं, आणि सगळी आशा त्या एका फ्रॉकातल्या पोरीवर. ओळखीच्यांकडं राहायचे, खायचे वांधे, आणि ही एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत कामासाठी चकरा मारायची.

आणि हीच बाई पुढं पडद्यावर काय करती, तर दुसऱ्याची घरं फोडती. मला ह्याचं लई नवल वाटतं. पुढचं तुम्ही सांगा, मी काय अभ्यासक नाही. कुणाच्या घरात जुनी माणसं असतील तर विचारून लिहा.


पुण्यातला सोलापुरी:

चांगला विषय काढलास मित्रा. मी आत्ता लगेच नाव टाकून शोधायला गेलो तर सगळं तमिळनाडूचं राजकारण आलं, जयललितांच्या शशिकला. पाच मिनिटं मी ते वाचत बसलो आणि मनात म्हणतोय ही सोलापुरातनं चेन्नईला कधी गेली 😀


अशोकचौक अन्ना:

का बे, गुगलमधी बघून सोलापूर शोधूलालास होय! आमच्या अप्पाला विचार की, अप्पा सांगतंय सगळं. अप्पानं 'जंगली' भागवत टॉकीजला किती वेळा बघितलाय त्यालाच माहीत नाही. घरात नुसतं याहू म्हणलं तरी अप्पा उठून बसतंय. तिथं शशिकला शम्मीची बहीण आहे.


बिनाकावाला:

धागाकर्त्याने सुरुवात छान केली आहे. थोडी भर घालतो.

तिला पहिला हात दिला तो नूरजहाँने. त्या वेळची नूरजहाँ म्हणजे काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. तिचे नवरे शौकत हुसेन रिझवी 'जीनत' काढत होते, १९४५ सालचा पिक्चर. त्यात बायकांची एक कव्वाली आहे, 'आहें न भरीं शिकवे न किए'. नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी ह्यांचे आवाज. हिंदी सिनेमात निव्वळ बायकांची कव्वाली म्हणून जी पहिली गाजली ती हीच. त्या टाळ्या वाजवत बसलेल्या पोरींमध्ये एक आपली शशिकला. पंचवीस रुपये मिळाले. जन्म १९३२ चा आणि पिक्चर १९४५ चा, हिशोब तुम्हीच करा, आठवीतली पोरगी म्हणजे.

मी ती कव्वाली किमान पन्नास वेळा तरी ऐकली आहे. बघायला मिळाली तेव्हा मात्र नूरजहाँकडे लक्षच जाईना, मागच्या रांगेत आपल्याकडची कुठली ते शोधत बसलो. तीन वेळा मागे घेऊन पाहिलं, छाप खराब आणि डोळे माझे साठीतले.

आणि मग १९४७ आलं. नूरजहाँ पाकिस्तानात गेली. जिने बोट धरलं तीच देश सोडून गेली. पोरीचं वय पंधरा. त्यानंतरची पाच-सहा वर्षं नुसते बारीकसारीक रोल, कुठे बहीण कुठे मैत्रीण. १९५३ ला शांतारामबापूंनी 'तीन बत्ती चार रास्ता' मध्ये घेतलं. एकाच घरात वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या सुना, अशी त्याची गंमत होती. नायिका अर्थातच संध्या.


कैकेयी २०००:

अहो पण मला सांगा, दिसायला एवढी देखणी, नाच येतो, गळा बरा, मग हिरॉईन का नाही झाली? नेहमी दुसरीच का?


बिनाकावाला:

झाली की. 'डाकू' म्हणून १९५५ चा पिक्चर आहे, शम्मी कपूरची नायिका शशिकला. शम्मी तेव्हा 'याहू'वाला शम्मी नव्हता, बारीक मिशी ठेवून फिरायचा आणि एकामागून एक आपटायचे त्याचे पिक्चर. तोही चालला नाही.

सहा वर्षांनी 'जंगली' आला, १९६१. तोच शम्मी आता मोठा स्टार, सायरा बानू नवीकोरी नायिका, आणि शशिकला झाली त्याची बहीण. वयाने शम्मीपेक्षा लहानच होती ती. पुरुषाचा पिक्चर पडला तरी त्याला पुढचा मिळतो. बाईचा पडला की ती बहीण होते. सायराबानूला दोष नाही, धंद्याची रीतच तशी.


तर्कट:

एक शंका. दहा-बारा वर्षांची असताना गाव सोडलं, पुढचं सगळं आयुष्य मुंबईत. मग 'आपली सोलापूरची' म्हणजे नेमकं काय? हुसेन पंढरपूरचे, अमुक अक्कलकोटचे, तमुक बार्शीचे, जो मोठा झाला त्याचं रेशनकार्ड शोधायचं, आणि तो इथं असताना त्याला काय दिलं ते कुणी विचारायचं नाही. ह्या बाईला सोलापूरने काय दिलं? वडलांचं दिवाळं.


चाटीगल्लीवाला:

तर्कटराव नेहमीप्रमाणे बरोबर बोलताय आणि नेहमीप्रमाणे राग येतोय 😀

सोलापूरने काय दिलं, तर स्टेज दिलं. मुंबईला गेली तेव्हा ती कोरी पाटी नव्हती हो. पाचव्या वर्षापासून चार लोकांसमोर उभं राहायची सवय होती. त्या काळात आपल्याकडं गणपतीत मेळे व्हायचे, जत्रेत नाटकं व्हायची, माझे आजोबाच सांगायचे की पेट्रोमॅक्सची बत्ती मधेच भकभक करायला लागली की पोरं गाणं न थांबवता अंधारात म्हणत राहायची. असल्या पब्लिकसमोर जे पोर उभं राहतं त्याला कॅमेऱ्याची काय भीती? हे माझं मत, पुरावा मागू नका.


पूर्वभागवाली:

मी फार लिहीत नाही इथं पण हे वाचून राहवलं नाही.

आमची अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळायची. पूर्व भागातल्या निम्म्या घरांत तेच काम तेव्हा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका बाजूला कापलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, बोटाला दोरा. रोजच्या हजार विड्या झाल्याशिवाय कारखान्यात तोंड दाखवायची सोय नाही, आणि तिथं परत चेकर खराब म्हणून मूठभर बाजूला काढणार. गल्लीत एका घरी टीव्ही. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला की सगळ्या बायका सूप घेऊनच तिथं यायच्या, दहा-बारा सुपं गोलात, पिक्चर चालू आणि हात पण चालू. बघायची गरजच नसायची हाताकडं.

गाणं आलं हात चालू. मारामारी आली हात चालू. मीनाकुमारी रडायला लागली तरी हात चालू, फक्त नाक ओढायचे आवाज. पण शशिकला आली की हात थांबायचे. मी लहान होते तरी मला ते आठवतंय, कारण तो चर्रचर्र कात्रीचा आवाज एकदम बंद व्हायचा. सगळ्यांना माहीत असायचं, आता ही काहीतरी करणार. आणि मग तेलुगूत ज्या शिव्या सुरू व्हायच्या त्या मी इथं लिहू शकत नाही.

अव्वाला हिंदी धड कळायचं नाही. पण 'आरती' मधली ती जाऊ, तिचं एकूण एक बोलणं अव्वाला कळायचं. म्हणायची, डोळ्यानं बोलती ती.


अशोकचौक अन्ना:

अक्का तुम्ही लिहीत जावा ओ. आमची अम्मा पण हजारवाली. वाचून गप बसलोय जरा वेळ.


बिनाकावाला:

पूर्वभागवाली ताई, तुमच्या अव्वांनी जे पाहिलं तेच पुढच्या वर्षी फिल्मफेअरच्या लोकांनी पाहिलं. 'आरती' १९६२, ताराचंद बडजात्यांच्या राजश्रीचा पहिला पिक्चर, दिग्दर्शक फणी मजुमदार, संगीत रोशन. मीनाकुमारी डॉक्टर, लग्न करून गरिबाघरच्या प्रदीपकुमारच्या घरात येते, आणि त्या घरातली मोठी जाऊ जसवंती म्हणजे शशिकला. आपले रमेश देव पण आहेत त्यात, त्यांचा हिंदीतला पहिला. त्या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. लगेच पुढच्या वर्षी परत मिळालं, बी. आर. चोप्रांचा 'गुमराह', १९६३. लागोपाठ दोन.

'गुमराह' मधली लीला ही तर आणखी भारी. माला सिन्हाचं लग्न अशोककुमारशी झालंय, जुना प्रियकर सुनील दत्त अजून भेटतोय, आणि मध्येच ही बाई उगवते की मी सुनील दत्तची बायको, पैसे टाक नाहीतर सांगते. पिक्चर बघितला नसेल त्यांनी पुढची ओळ वाचू नका. शेवटी कळतं की ती बायकोबियको काही नाही, अशोककुमारची सेक्रेटरी. नवऱ्यानेच पाठवलेली. म्हणजे पूर्ण पिक्चरभर ती नाटक करणाऱ्या बाईचं नाटक करते, आणि दुसऱ्यांदा बघताना वेगळीच मजा येते, कारण आता तुम्हाला माहीत असतं की ही खोटं बोलतेय, तरी विश्वास बसतो.


कैकेयी २०००:

माझा एक मुद्दा. हेलन, बिंदू, नादिरा ह्या सगळ्यांना आपण व्हॅम्प म्हणतो. पण त्या क्लबातल्या. पंखांचा ड्रेस, सिगारेट, मागं दारूच्या बाटल्या. आपल्या घरातल्या बायकांना त्यांची भीती वाटायचं कारणच नव्हतं, आपला नवरा कुठं क्लबात जातोय, तो जातोय मिलमधे सेकंड शिफ्टला. शशिकलाने क्लबमधली केली असेल थोडी, पण ती गाजली ती घरातली. जाऊ, नणंद, बहिणीची मैत्रीण, साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेऊन देवघरापुढनं जाणारी. अशी बाई प्रत्येकीला माहीत होती. प्रत्येकीच्या घरात एक होती. कदाचित काही जणी स्वतःच होत्या 🙈 म्हणून हात थांबायचे.

आणि माझं नाव असं का विचारणाऱ्यांसाठी. शाळेत गॅदरिंगला दोन वर्षं मी कैकेयी केली. बाईंना दुसरी कुणी दिसेचना. तिसऱ्या वर्षी सीता मागितली तर म्हणाल्या तुझ्या चेहऱ्यावर शोभत नाही गं. पुढं लग्न ठरताना सासूबाईंच्या लांबच्या बहिणीने, जी माझ्याच शाळेच्या मागं राहायची, ती म्हणाली होती म्हणे, "पोरगी चांगली आहे पण कैकेयी फार खरी करायची." ते लग्नात चेष्टेचं झालं, पण ज्या बाईनं वर्षानुवर्षं तेच केलं तिला किती ऐकायला लागलं असेल?


तर्कट:

कैकेयीताईंचा मुद्दा मान्य. पण मग ललिता पवारांचं काय? त्या तर येवल्याच्या, त्यांनी ह्याच घरातल्या वाईट बाईवर राज्य केलंय. मला वाटतं शशिकलाचं स्थान त्यांच्या खाली आहे.


बिनाकावाला:

तुलना चुकीची नाही. 'जंगली' मध्ये दोघी एकाच घरात आहेत, ललिताबाई आई आणि शशिकला मुलगी. दोन मराठी बायका पंजाबी हिरोच्या घरात.

पण फरक असा, की ललिताबाईंची भीती वाटते, त्या सत्ता गाजवतात. शशिकलाकडे सत्ता नसते. जे काही करायचं ते गोड बोलून, कान भरून, हळूच. ते अवघड काम आहे. आणि ललिताबाईंना १९४२ साली शूटिंगमध्ये जोरात थप्पड बसून डोळ्याला इजा झाली, त्यातून त्यांचा रस्ता बदलला. शशिकलाला तसं काही झालं नव्हतं. तिला एकच रोल इतका चांगला जमला की तोच गळ्यात पडला.


चाटीगल्लीवाला:

हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं.

ह्या बाईला फक्त वाईटच जमायचं असं समजणाऱ्यांनी 'सुजाता' बघा, बिमल रॉय, १९५९. त्यात ती रमा. नूतन म्हणजे सुजाता घरात वाढवलेली अस्पृश्य पोरगी, 'बेटी जैसी', आणि रमा घरातली खरी बेटी. पुढं जो सुनील दत्त रमासाठी बघितलेला, त्याला सुजाता आवडती. दुसरा कुठला पिक्चर असता तर इथंच शशिकलाने नूतनला जिन्यावरनं ढकलली असती. इथं ती जळत नाही. तिच्या मनात सुजाताबद्दल एक वाकडा शब्द येत नाही, आणि ते इतकं सहज केलंय की आपल्याला ते अवघड होतं हे लक्षातच येत नाही. त्यातलं 'बचपन के दिन' काढून बघा, गीता दत्त आणि आशा भोसले, संगीत एस. डी. बर्मनचं. रमा खाली पियानोवर बसून म्हणती आणि सुजाता घरात दुसरीकडं आपली कामं करत गुणगुणती, दोघी एकमेकींसमोर नाहीत तरी गाणं एकच. शशिकलाचं हसू बघा त्यात. सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती, पण दिसती कॉलेजातली.

मग तीन वर्षांनी 'आरती', आणि नंतर तिला रमा कुणी दिली नाही.


बिनाकावाला:

दिली, एकदा दिली. 'अनुपमा', हृषीकेश मुखर्जी, १९६६. त्यात ती अ‍ॅनी, शर्मिलाची बडबडी मैत्रीण. शर्मिलाला पूर्ण पिक्चरभर जेमतेम चार वाक्यं आहेत, त्या शांततेत सगळा प्राण ह्या पोरीने आणलाय. देवेन वर्मा बरोबर तिची जोडी.

आता गंमत ऐका. 'अनुपमा' आणि 'फूल और पत्थर' एकाच वर्षीचे. फिल्मफेअरला सहायक अभिनेत्रीची तीन नामांकनं. एक सिमी गरेवाल, 'दो बदन'. दुसरं शशिकला, 'अनुपमा'. तिसरं शशिकला, 'फूल और पत्थर'. तिघींत दोघी हीच, एक मिठाई आणि एक विष. आणि मिळालं सिमीला. माझ्या मते मतं फुटली. निवडणुकीत भाऊभाऊ उभे राहिल्यावर होतं तसं.


अशोकचौक अन्ना:

आपल्याकडच्या महापालिकेच्या इलेक्शनसारखंच म्हणा की 😂


पुण्यातला सोलापुरी:

मधेच विषयांतर करतो. अतुल कुलकर्णी पण आपल्या हरिभाई देवकरण शाळेचाच ना? आणि जब्बार पटेल पण. दोघंही हरिभाई. मी पण हरिभाई, पण मी आयटीत आहे 😐


कैकेयी २०००:

आणि नागराज मंजुळे जेऊरचे, रिंकू अकलूजची.


तर्कट:

सुरू झालं रेशनकार्ड.


चाटीगल्लीवाला:

सगळे मोठेच आहेत, पण त्यांचे धागे वेगळे काढा की राव. हा शशिकलाचा आहे, तिला निदान इथं तरी मेन रोल असू द्या.


पूर्वभागवाली:

नंतरचं कुणी लिहिलं नाही, मी थोडं वाचलंय ते लिहिते.

लग्न ओम प्रकाश सैगल यांच्याशी, कुंदनलाल सैगलांच्या घराण्यातले. दोन मुली. पण संसार काही सुखाचा झाला नाही. त्यावर बरंच काही छापून आलंय, मला ते इथं उगाळायचं नाही. पुढं काही वर्षं ती जवळजवळ गायबच झाली. मन शांत होईना म्हणून आश्रमात राहिली, तीर्थक्षेत्रं फिरली, आणि मग कलकत्त्याला मदर तेरेसांकडं गेली, तिथं आजारी, टाकून दिलेल्या माणसांची सेवा केली. पडद्यावर जी बाई औषधाच्या बाटल्या बदलेल की काय असं वाटायचं, ती खऱ्यात रोग्यांना भरवत होती. अव्वाला हे सांगायला पाहिजे होतं. अव्वा त्याआधीच गेली.

परत आल्यावर कामं केलीच. मग आजीचे रोल. आमच्या पोरांच्या पिढीला ती 'सोनपरी' सिरीयलमुळं माहीत. माझा मुलगा ते बघत बसलेला आणि मी स्वयंपाकघरातनं आवाज ऐकून बाहेर आले, आवाज बदलला नव्हता. त्याला म्हणलं ह्या आजीपासनं जपून राहा रे. त्याला काही कळेना 😀


कैकेयी २०००:

'मुझसे शादी करोगी' मधे पण आहे, 'बादशाह' मधे पण. म्हणजे १९४५ च्या नूरजहाँपासून २००४ च्या सलमानपर्यंत. बापरे. साठ वर्षं होतात की.


बिनाकावाला:

२००७ साली पद्मश्री. २००९ ला व्ही. शांताराम पुरस्कारांत जीवनगौरव. आणि ४ एप्रिल २०२१ ला मुंबईत गेली, ८८ व्या वर्षी. कोरोनाची दुसरी लाट होती, रोज इतक्या बातम्या यायच्या की आतल्या पानावरची ही छोटी बातमी कुणी वाचली असेल? मी कात्रण कापून ठेवलंय. वहीत चिकटवताना लक्षात आलं, समोरच्या पानावर नूतनचा फोटो होता, आधीपासूनच. मुद्दाम नाही केलं.

शांतारामांचं नाव आलंच आहे तर एक. कोटणिसांवरचा पिक्चर त्यांनीच काढला, १९४६, स्वतः कोटणीस झाले. म्हणजे सोलापूरचा एक माणूस त्यांनी पडद्यावर उभा केला आणि सात वर्षांनी सोलापूरच्या एका मुलीला पडद्यावर उभं केलं. भैय्या चौकात कोटणिसांचं स्मारक आहे. पुढचं मी बोलत नाही.


तर्कट:

बोला की. मीच बोलतो, मगाशी उलटं बोललो असलो तरी. डॉक्टर परदेशात जाऊन सेवा करता करता गेला तर स्मारक होतं, व्हायलाच पाहिजे, थोर माणूस. पण बाई सिनेमात गेली, त्यातही वाईट बाईची कामं केली, की गाव जरा दबकतंच. 'आमच्या गावची खलनायिका' असा बोर्ड कोण लावणार? हीच जर निरूपा रॉयसारखी रडणारी आई झाली असती तर सत्कारावर सत्कार झाले असते.

मी रेशनकार्डाचं वाक्य मागे घेतो. अर्धं.


अशोकचौक अन्ना:

स्क्रीनशॉट काढून ठेवलोय. तर्कट मागे घेतलं म्हणून गावात सांगूलालो.


पुण्यातला सोलापुरी:

एक प्रॅक्टिकल प्रश्न. तिचं एकच काही बघायचं असेल, माझ्याकडं फक्त शनिवार दुपार आहे, तर काय बघू? बायको पण असणार बरोबर, तिला जुने पिक्चर बोअर होतात.


बिनाकावाला:

'गुमराह'. गाणी पण आहेत, 'चलो इक बार फिर से' आहे, आणि रहस्य आहे म्हणून वहिनी उठून जाणार नाहीत. फक्त ह्या धाग्यावरची माझी वरची कॉमेंट त्यांना वाचू देऊ नकोस.


कैकेयी २०००:

बायको असेल तर 'आरती' नको, नंतर घरात जाऊबाईंचा विषय निघेल.


चाटीगल्लीवाला:

आज परत रविवार. आईला मोबाईलवर 'बचपन के दिन' लावून दिलं. म्हणलं बघ, ही तीच. आईनं चष्मा पुसला, मोबाईल नाकाजवळ धरला. गाणं अर्धं झाल्यावर म्हणाली, "हसायलीय छान. पण मला सारखं वाटतंय, आता उठून त्या नूतनचं काहीतरी करती का काय." म्हणलं नाही करत, ह्यात चांगली आहे ती. म्हणाली, "बघू." गाणं संपलं, नूतनला काही झालं नाही.

मग मला विचारलं, त्यांचं घर कुठल्या पेठेत होतं रे? म्हणलं ते काय लिहिलेलं नाही कुठं. तर म्हणाली थांब, आणि मावशीला फोन लावला, मावशीनं शुक्रवार पेठेतल्या कुणाला तरी लावायला सांगितलं. आता तासभर झाला, फोन चालू आहे, आणि विषय कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर गेलाय. घराचं काही कळलं तर इथं टाकतो.